चवीचा रकाना

उषा टीव्हीवर दिसली तेव्हा माझ्या तोंडात घास होता. आंबेमोहोराचा भात आणि घरमालकीण चंद्राबाईंच्या हातचं कुळथाचं पिठलं. तो घास गिळवेना आणि थुंकवेना. पडद्यावर ‘ताटवाटी’ नावाचा स्वयंपाकाच्या स्पर्धेचा कार्यक्रम चालू होता, नव्या स्पर्धकांची ओळख करून देत होते, आणि उषा हिरवी साडी नेसून, पदर खोचून, कुणीतरी दहादा शिकवल्यासारखी हसत कॅमेऱ्याकडे चालत आली. खाली नाव उमटलं : उषा बिडवे, लातूर. बिडवे हे तिचं माहेरचं आडनाव. माझं आडनाव तिच्या नावामागून गेलंय हे मला काय माहीत नव्हतं? कागदावर सही मीच केली होती. पण कागदावरून जाणं वेगळं आणि हिंजवडीपलीकडच्या भरे नावाच्या गावात, परक्याच्या घरात, पाटावर बसून जेवताना समोरच्या भिंतीवरून जाणं वेगळं. ‘‘घास आडकला व्हय? पानी घ्या, पानी घ्या,’’ चंद्राबाई म्हणाल्या. मी पाणी प्यालो. ‘ही माझी बायको होती’ हे वाक्य जिभेपर्यंत आलं होतं, ते त्या पाण्याबरोबर खाली गेलं. अशी वाक्यं त्याच क्षणी बोलायची असतात. एक जाहिरात मध्ये गेली की ती बोलता येत नाहीत.

आणि बोलणार तरी कसा? खोली घेताना मी चंद्राबाईंना सांगितलं होतं की मंडळी गावाकडे असते, सासूबाईंची तब्येत बरी नसते म्हणून. एकट्या बाप्याला या भागात खोली मिळत नाही. पौड रस्त्यापासून घोटवड्यापर्यंत सगळीकडे तेच. लवळ्याला कॉलेजची पोरं चालतात, कारण त्यांचे आईबाप येऊन पाया पडून जातात. पण चाळिशीतला, केस विरळ झालेला, लॅपटॉपची पिशवी घेतलेला एकटा माणूस म्हटलं की लोक आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतात. चंद्राबाईंनी दारातच विचारलं होतं, ‘‘फॅमिली हाय न्हवं? आमी फॅमिलीवाल्यालाच देतोय.’’ मी म्हटलं, ‘‘आहे.’’ झालं. तेव्हापासून माझी बायको अंबाजोगाईला आईची सेवा करत बसली आहे. दिवाळीला ती आली नाही कारण आई पडली. उन्हाळ्यात आली नाही कारण आईचं ऑपरेशन. उषाची आई जिवंतपणी इतकी कधी आजारी नव्हती. ती माउली आमच्या लग्नाआधीच गेलेली.

घटस्फोटाचं कारण सगळे विचारतात. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही, दुसरा बुवा नाही. ऐकणाऱ्याची निराशा होते. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात काही बिघडलं की मूळ कारण शोधून लिहायचं असतं, त्याशिवाय तक्रार बंद होत नाही. आमचं तसं काही सापडलं नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल आधी फार बोललो, मग अजिबात बोललो नाही, आणि न बोलायची सवय हळूहळू इतर विषयांनाही लागली. शेवटी शेवटी आम्ही जेवताना एकमेकांना फक्त वाढायचो. एक दिवस तीच म्हणाली, ‘‘मी लातूरला दादाकडे राहते थोडे दिवस.’’ मी म्हटलं, ‘‘बरं.’’ थोडे दिवस म्हणजे किती हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझं आयुष्य हे असं आहे, सगळं अगदी सौजन्यानं मोडलेलं.

तर ‘ताटवाटी’. सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या वेळेला. चंद्राबाईंकडे माझं जेवण ठरल्यापासून मी त्यांच्याच घरात खाली बसून जेवतो आणि तो कार्यक्रम ताटाबरोबरच वाढला जातो. त्यांचे मालक कुशाबा त्या वेळी गोठ्यात असतात. टीव्हीवरचं रांधणं बघून कुणाचं पोट भरलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बघणारे आम्ही दोघंच. चंद्राबाईंची लाडकी स्पर्धक रेश्मा. कोल्हापूरकडची, ठसकेबाज, मिसळीच्या गाडीवर वाढलेली पोरगी. पहिल्या आठवड्यातच त्यांनी उषाला नावं ठेवली, ‘‘ही लातूरची लई मिळमिळीत वाटतिया. भांडी बगा किती हळू ठिवती.’’ मी ताटाकडे बघत म्हटलं, ‘‘असेल.’’ आत कुठंतरी चरचरलं. भांडी ती हळूच ठेवायची. मी घरून काम करायचो, मीटिंगमध्ये आवाज जाऊ नये म्हणून.

महिनाभरानं एकदा ऑफिसच्या बसमध्ये मी कार्यक्रमाच्या वेबसाइटवर गेलो. तिथं प्रत्येक भागानंतर गुण टाकतात. प्रत्येक पदार्थाला तीन रकाने : मांडणी, कल्पकता, चव. प्रत्येकाला दहापैकी. शेजारी परीक्षकांचा एका ओळीचा शेरा. आता, आकडे बघून ते तक्त्यात घालणं हाच माझा धंदा. लोक देवळात गेल्यावर हात जोडतात, तसं मी आकडे दिसले की बेरीज करतो. मी सगळ्या स्पर्धकांचे गुण उतरवून घेतले. सरासरी काढली. कोण दर आठवड्याला चढतंय, कोण घसरतंय, कोण एका दिवशी नऊ आणि दुसऱ्या दिवशी पाच मिळवतंय, कोण दयानंदसारखं रोज गुमान साडेसात घेऊन पुढे सरकतंय. दयानंद हा साताऱ्याच्या एका हॉटेलातला आचारी; कधी चमकला नाही, कधी पडला नाही. माझ्या हिशेबात शेवटच्या चौघांत तो नक्की होता, रेश्माही होती. उषा काठावर. मांडणीत ती सगळ्यांत वर. कल्पकतेत दुसरी. चवीच्या रकान्यात शेवटून दुसरी.

मला खरं सांगायचं तर रागच आला. परीक्षकांचा. उषाच्या हाताला चव नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिच्या हातची शेपूची भाजी खाऊन माझा एक मॅनेजर गप्प झाला होता, जो स्वतःच्या लग्नातही गप्प बसला नसेल. मग मी तेच केलं जे ऑफिसात करतो. आकडा पटला नाही की तो फोडायचा. गोड पदार्थ एकीकडे काढले, तिखटामिठाचे एकीकडे. बस मारुंजीच्या वळणावर अडकली होती, शेजारचा अमोल नावाचा पोरगा माझ्या खांद्यावर झोपला होता, आणि माझ्या पडद्यावर ते लख्ख दिसलं. गोडात उषा पहिली. पुरणपोळी, खीर, सांजा, एकातही नऊच्या खाली नाही. आणि तिखटामिठाच्या प्रत्येक पदार्थात ती खाली. मी शेरे वाचत गेलो. ‘मीठ किंचित कमी.’ ‘सुंदर, पण मिठाला हात आखडता.’ ‘अळणीकडे झुकणारं.’ ‘मीठ?’ एका परीक्षकानं तर नुसता तेवढाच शब्द आणि प्रश्नचिन्ह.

मी लॅपटॉप मिटला. अमोलला सरळ करून खिडकीला टेकवला. बाहेर भाताच्या खाचरांत पत्रे ठोकून कुणीतरी प्लॉटिंगचा फलक लावत होतं. तो फलक मी नीट वाचला, त्यावरचे सगळे फोन नंबर वाचले, कारण दुसरीकडे कुठं बघायची हिंमत नव्हती. ते मीठ माझं होतं.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, कंपनीच्या तपासणीत मला रक्तदाब निघाला. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं. मी विसरूनही गेलो असतो, पण उषानं त्या संध्याकाळपासून हात आवरला. दोन पातेली केली नाहीत. ‘‘दोन माणसांना काय दोन भाज्या,’’ म्हणाली. आणि तीही तेच जेवली, रोज. वरून चिमूट कधी घेतली नाही. मीठ ताटात मागायचं नाही अशी जणू तिनं शपथच घातली होती स्वतःला. सुरुवातीला आम्ही दोघं अळणी आमटी भुरकताना एकमेकांकडे बघून हसायचो. नंतर तीच चव आमची झाली. तिच्या भावाकडे गेलो तर आम्हालाच सगळं खारट लागायचं. तिची वहिनी म्हणायची, ‘‘वन्सं, तुमच्या घरी जेवायचं म्हणजे पथ्यच.’’ उषा त्यावर काही बोलायची नाही. ती बोलली नाही म्हणून मला वाटत गेलं की त्यात सांगण्यासारखं काही नाही. आता एवढ्या वर्षांनी, मला सोडून, लातूरला जाऊन, मुंबईतल्या कुठल्याशा झगमगीत स्टुडिओत चार कॅमेऱ्यांसमोर तिचा हात मिठाच्या वाटीत जात होता आणि माझ्यासाठी थांबत होता. ती माझं आडनाव विसरली, तिचा हात विसरला नव्हता.

काय सांगू, मला आनंद झाला. लाज वाटण्याइतका आनंद झाला. त्या दिवशी ऑफिसात मी लोकांशी आपणहून बोललो. 

मग रोज मी तिच्या हाताकडेच बघायला लागलो. आणि चंद्राबाईंच्याही ते लक्षात आलं, वेगळ्या वाटेनं. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता थांबल्या. ‘‘ही लातूरची बाई चाखत न्हाई बगा. बाकीची समदी चमचं चाटत्यात. ही न्हाई. निवदाचा हात हाय तिचा.’’ खरं होतं. उषाच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायचं नाही, रांधताना चाखलं की ते उष्टं. तिच्या आजीनं पोरीबाळींना हातावर पळी मारून शिकवलेलं. चंद्राबाईंकडेही तेच. त्यांच्या चुलीवरचं काहीही चुलीवर असताना कुणी चाखत नाही. त्या दिवसापासून उषाबद्दलचा त्यांचा सूर बदलला. ‘‘आंदाजावर रांधती. लई मोटं काम हाय ते. रेश्मा काय, चाटून चाटून कुनी बी करंल.’’ मी म्हटलं, ‘‘पण मावशी, मीठ कमी पडतंय तिचं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पडनारच. घरात कुनाला तरी चालत नसंल. जिला चाखायचं न्हाई तिचा हात घरच्याच मापाचा व्हतो.’’ आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. मी भातात ताक घेतलं आणि ते सगळं ताटात कालवत बसलो. त्यांच्या हातचं सगळं मला खारट लागतं. वर्षभरात माझी गोळी वाढली आहे. पण भाडेकरूनं पथ्य सांगायचं म्हणजे मग विचारणार, घरी कोण सांभाळायचं पथ्य, मंडळी करते का, कधी येणार. त्यापेक्षा गोळी बरी.

पुढचे आठवडे मी फार वाईट काढले. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. मी वेळेवर उठत होतो, डबा घेत होतो, रिपोर्ट पाठवत होतो. पण एकेक स्पर्धक बाहेर पडत चालला होता आणि गोडाच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. उपांत्य फेरीची जाहिरात सुरू झाली : ‘घरचं जेवण’. वरण, भाजी, कोशिंबीर, भाकरी. गोड काही नाही. मांडणीला गुण नाहीत, कल्पकतेला नाहीत, सगळे गुण चवीला. माझ्या तक्त्यात दयानंदला भीती नव्हती, रेश्माला नव्हती, चौथी किमया म्हणून एक शांत पोरगी होती तिचीही चवीची सरासरी उषाच्या वर. दोघं पुढं जाणार, दोघं घरी. मी आकडे उलटेसुलटे करून बघितले. जुने भाग वगळून बघितले, परीक्षकनिहाय बघितले. उषा कुठूनही बसेना. तिला वाचवायला एकच गोष्ट पुरेशी होती आणि ती का होत नव्हती हे जगात मला एकट्याला माहीत होतं. अर्धा चमचा जास्त. बास.

तिचा नंबर माझ्याकडे होता. रविवारी मी गच्चीवर बसलो. समोर रिह्याच्या खोऱ्यात ऊन पडलं होतं, खाली कुशाबा म्हशीला धूत तिच्याशी काहीतरी बोलत होते. मी लिहिलं, ‘मीठ वाढव.’ मग पुसलं. मग लिहिलं, ‘तुझ्या तिखटामिठाच्या पदार्थांत एक पॅटर्न दिसतोय.’ शी! हे वाचून ती काय म्हणाली असती ते मला ऐकू आलं. तेही पुसलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे भाग महिना-दीड महिना आधीच चित्रित होतात. जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलंय. उषा आता लातूरला दादाच्या घरी आहे आणि तिला सगळं माहीत आहे, मला नाही. मी हसलो. पण फोन खाली ठेवल्यावर जे आत राहिलं ते काही हसण्यासारखं नव्हतं. मला उमगलं की तिला कळवायला वेळ राहिला नाही याचं मला बरं वाटतंय. मला ती जिंकायला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आणि तिचा हात तसाच आखडता राहायला हवा होता. तो सैल सुटला की माझं या जगात कुणाच्या अंगवळणी पडलेलं असं काही उरणार नव्हतं. आई गेली, मूल नाही, ऑफिसात मला माझ्या एम्प्लॉयी नंबरावरून ओळखतात. फक्त एका बाईच्या तीन बोटांना माहीत होतं की मी आहे. हे दोन्ही एकदम होणं कुठल्याच आकड्यात बसत नव्हतं. ती हरली तर मी तिच्यात उरणार, ती जिंकली तर जाणार. मी काय मागावं हे मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी मी जेवायला खाली गेलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो. चंद्राबाईंनी ओवा पाठवला.

उपांत्य फेरीच्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाक लवकर उरकला होता. मी हातपाय धुऊन बसलो. उषा निळ्या साडीत होती, ही मी तिला घेतलेली नव्हती. तिनं तुरीचं वरण लावलं, शेपूची भाजी चिरली. चाकू चालवताना ती खालचा ओठ आत ओढते, ते तिनं केलं. भाजीत डाळ पडली, लसूण पडला, मग मिठाची वाटी. तिचा हात वाटीत गेला. तीन बोटं. मी पाटावर बसल्या जागी ताठ झालो. तिनं मीठ टाकलं, तेवढंच, नेहमीएवढंच, माझ्याएवढंच, आणि मला वाटलं, चला, हरली. बरं झालं, असंही वाटलं. देवाशप्पथ वाटलं.

आणि मग उषा थांबली. कढईकडे बघत राहिली. घड्याळ पळत होतं, निवेदिका ओरडत होती. उषानं पळीनं भाजीचा थोडासा रस डाव्या तळहातावर घेतला, फुंकला, आणि जिभेला लावला.

‘‘आता चाखली!’’ चंद्राबाई ओरडल्याच. ‘‘आवं, चाखली की वं तिनं!’’

उषाचा चेहरा काही क्षण कोराच राहिला. मग तिनं वाटीत पुन्हा हात घातला. चिमूटभर टाकलं, पुन्हा तळहातावर घेतलं, पुन्हा चाखलं. पुन्हा थोडं टाकलं. आता मान हलवली. वरणालाही तसंच. तिला पहिल्यांदाच कळत असावं की तिला स्वतःला किती लागतं. मला एकदम वाटलं, इतकी वर्षं ही बाई माझ्या समोर बसून माझं पथ्य जेवली आणि तिला काय आवडतं हे मी एकदाही विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही स्वतःला. माझे डोळे भरून आले, तिखटाचं निमित्तही नव्हतं, ताट अजून वाढलं नव्हतं.

पहिल्या परीक्षकानं घास घेतला. दहा. दुसऱ्यानं घेतला, त्यानंही दहा. तिसरा, जाड मिशांचा, ज्यानं कधीकाळी नुसतं ‘मीठ?’ लिहिलं होतं, तो घास गिळून डोळे मिटून बसला आणि मग म्हणाला, ‘‘ताई, आज पहिल्यांदा चाखून बघितलंत. का?’’ उषानं पदरानं हात पुसले. म्हणाली, ‘‘घरात एकाला रक्तदाबाचं पथ्य. माझा हात त्यांच्याच मापाचा झाला होता. आता त्यांच्यासाठी रांधायचं नाहीये. हाताला ते कळत नव्हतं, म्हणून जिभेला विचारलं.’’ ती हे अगदी साधं, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. पण बासरी सुरू झाली. दिवे मंद झाले. या कार्यक्रमात प्रत्येकाचं काहीतरी दुःख शोधून त्यावर बासरी वाजवतात, आणि आज त्यांना उषाचं सापडलं. निवेदिकेनं डोळे टिपले. मिशीवाले परीक्षक खुर्चीतून उठले, त्यांनी छातीवर हात ठेवला, मान खाली घातली. सगळा स्टुडिओ उभा राहिला. रेश्मा रडायला लागली. मिशीवाले म्हणाले, ‘‘ताई, ते जिथं कुठं असतील, तिथून आज तुम्हाला बघत असतील.’’

उषाचं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, मला दिसलं, तिची मान नकारासाठी हललीसुद्धा. तिनं एकदा उभ्या राहिलेल्या लोकांकडे बघितलं, एकदा सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मग तोंड मिटलं. ‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘बघत असतील.’’

पडद्यावर गुणांचा फलक आला. उषा पहिली. कागदाच्या चकत्या उडायला लागल्या आणि ती त्यांच्यात उभी राहून हसली, न शिकवलेलं हसू, मी ओळखतो ते. मीही हसलो बहुतेक. टाळी वाजवायला हात उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

चंद्राबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. ‘‘बिचारी. मालक गेल्यालं हाईत तिचं. म्हनून तर चेहऱ्यावर पानी नव्हतं. आन मी मिळमिळीत म्हनलं तिला.’’ त्यांनी नाक ओढलं. ‘‘पर बगा, नाव न्हाई ठिवलं त्याला. कसा का आसंना, जपलं व्हतं तिनं त्याला.’’

‘‘जपलं होतं,’’ मी म्हणालो.

त्या उठून ताटं घ्यायला आत वळल्या, तेवढ्यात कुशाबा गोठ्यातून पाय धुऊन आले. बायकोचे ओले डोळे बघून उंबऱ्यातच थबकले. ‘‘काय गं? कोन गेलं?’’

‘‘त्या टीव्हीतल्या बाईचा नवरा.’’

‘‘आरारा. कवा?’’

चंद्राबाईंना ते सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आकडेबिकडे सगळे मलाच ठाऊक असतात म्हणून.

‘‘आत्ताच,’’ मी म्हणालो.